बोर्ड वाचूनही एक्झिट चुकते, ती का आणि मग करायचं काय

तुमचा प्रश्न असा आहे की मुंबईहून एक्सप्रेसवेने आलात, मुळशीला जायचं होतं, पुण्याच्या चांदणी चौकात बोर्ड नीट बघितले तरी थेट पुढे वारज्यात जाऊन पोचलात, आणि आता घरी ऐकावं लागतंय की तुम्हाला साधे बोर्ड वाचता येत नाहीत. तर चूक नक्की कुणाची आणि पुढच्या वेळी काय करायचं.

वहिनींना सांगा की निदान निम्मी चूक बोर्डाची आहे. उरलेली निम्मी तुमची, पण ती वाचण्याची नाही, वेळेची आहे. मी रोड सेफ्टी ऑडिटचं काम करतो, म्हणजे रस्त्यावरून दिवसा, रात्री, पावसात गाडीने आणि पायी फिरायचं आणि कुठे माणूस फसतोय ते लिहून द्यायचं. त्याआधी बरीच वर्षं बोर्डांची ड्रॉइंगच काढली, त्यामुळे बोर्ड ऑफिसात कसा जन्माला येतो आणि रस्त्यावर त्याचं काय होतं हे दोन्ही बघितलंय. म्हणून जरा लांबणच लावतो, कंटाळा आला तर खालचे पॅरा आधी वाचा, तिथे कामाचं आहे.

पहिली गोष्ट, बोर्ड वाचायला तुमच्याकडे वेळ किती असतो ते बघा. ताशी १०० ला गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. आणि ढोबळ हिशोब असा की अक्षराची उंची जितके सेंटिमीटर, त्याच्या साधारण साडेतीन पट मीटरवरून चांगल्या डोळ्यांना ते वाचता येतं. म्हणजे ३० सेंटिमीटरचं अक्षर असेल तर शंभरेक मीटरवरून. झाले किती, चार सेकंदसुद्धा नाहीत, आणि त्यातला शेवटचा भाग वाया जातो कारण बोर्ड डोक्यावर आला की तो काचेतून दिसतच नाही. आता या तीन-साडेतीन सेकंदांत तुम्हाला समोरच्या गाडीकडे बघायचंय, आरशात बघायचंय, आणि बोर्डावरची सहा नावं, तीही मराठीत आणि इंग्रजीत अशी दोनदा लिहिलेली, त्यातून आपलं एक शोधायचंय. शिवाय देवनागरीत मात्रा-वेलांट्यांना वर जागा, उकारांना खाली जागा, त्यामुळे मूळ अक्षर अजून बारीक होतं. कागदावर ए-थ्री साइजला प्रिंट काढून टेबलावर ठेवलं की सगळं छान वाचता येतं हो, मंजुरी देणारे साहेब खुर्चीत बसून वाचत असतात, ताशी १०० ने नाही.

म्हणून माझं सरळ म्हणणं हे की ठरवण्यासाठी बोर्ड वाचायचाच नाही, ठरवून निघायचं आणि बोर्डावर फक्त खात्री करायची. सहा नावांतून एक शोधणं आणि "कोथरूड दिसलं की मी डावीकडे" असं आधीच डोक्यात असणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आता तुमचा चांदणी चौक. जुना पूल २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये, १ आणि २ तारखेच्या मधल्या रात्री स्फोटकं लावून पाडला, आणि नवीन सगळी रचना १२ ऑगस्ट २०२३ ला सुरू झाली. ट्रॅफिकची कोंडी बरीच सुटली, ते श्रेय द्यायला पाहिजे. पण सुरुवातीचे दिवस आठवा, अख्खं पुणे तिथे चकवा लागल्यासारखं फिरत होतं, रोज तिथून जाणारे लोकसुद्धा. कारण एका जागी मुंबई, सातारा, कोथरूड, बावधन, पाषाण, मुळशी, एनडीए अशी सगळी तोंडं येतात आणि प्रत्येक तोंडातून बाकीच्या सगळ्या तोंडांना जायची सोय करायची म्हणजे रॅम्पवर रॅम्प होणारच. बोर्डवाल्याने प्रामाणिकपणे सगळी नावं लिहिली तरी गोंधळ, आणि कमी लिहिली तर "आमच्या बावधनचं नावच नाही" म्हणून बोंब.

तिथे तुम्ही फसलात त्याचं कारण मात्र दुसरं आहे आणि ते महाराष्ट्रात सगळीकडे लागू आहे. मुंबईकडून येताना मुळशी तुमच्या उजव्या हाताला आहे. तुमच्या डोक्यात नकाशा बरोबर होता, मुळशी पश्चिमेला, म्हणजे उजवीकडे, म्हणून तुम्ही नकळत उजव्या-मधल्या लेनमध्ये राहिलात आणि बाण शोधत होता तोही उजवीकडचा. पण मोठ्या हायवेवर उजवीकडे वळायला रस्ताच नसतो. उजवीकडे जायचं असलं तरी आधी डावीकडे उतरायचं, मग पुलावरून किंवा पुलाखालून पलीकडे जायचं. त्यामुळे बोर्डावर डावीकडच्या बाणापुढे मुळशी दिसलं की मेंदू म्हणतो छे, हे नसणार, हे दुसरं काहीतरी, आणि तेवढ्यात एक्झिट मागे पडते. साताऱ्याकडून येऊन कोथरूडला जाणाऱ्यांचं नेमकं हेच होतं, कोथरूड उजवीकडे, उतरायचं डावीकडे. पुण्याहून साताऱ्याला जाताना वाई-महाबळेश्वरला वळणारेही याच कारणाने पुढे जातात. एकदा हे डोक्यात बसवून घ्या की आपल्याकडे हायवे सोडायचा म्हणजे डावीकडेच, गाव कुठल्या का बाजूला असेना. माझ्या मते चुकलेल्या एक्झिटपैकी फार मोठा वाटा या एकाच गोष्टीचा आहे, अक्षरं वाचण्याचा नाही.

दुसरा घोळ मोठ्या शहरांच्या नावांचा. बोर्डावर "पुणे" लिहिलंय, पण कुठलं पुणे? एक्सप्रेसवे किवळ्याला संपतो तिथून नाकासमोर गेलात तर बायपासने वाकड, बाणेर करत साताऱ्याच्या दिशेला, आणि जुन्या हायवेला लागलात तर देहूरोड, निगडी, चिंचवड. दोन्हीकडे पुणेच आहे. तसंच साताऱ्याहून येताना शिंदेवाडीपाशी जुन्या कात्रज घाटाने गेलात तर स्वारगेटकडे, नव्या बोगद्यातून गेलात तर नऱ्हे, नवले पूल, पुढे वारजे आणि मुंबई. कोल्हापूरहून पहिल्यांदा गाडी घेऊन आलेला माणूस "पुणे" शोधत असतो आणि समोर "मुंबई" लिहिलेलं बघून घाबरतो, की अरे मला मुंबईला कुठे जायचंय. पण त्याला बाणेरला जायचं असेल तर मुंबईचाच बाण बरोबर. लांबच्या बोर्डावर रस्ता शेवटी कुठे जातो ते मोठं शहर लिहायची पद्धत आहे, मधली गावं त्यात बसत नाहीत. त्यामुळे आपल्या मुक्कामाच्या नावासोबत त्या रस्त्याचं पुढचं मोठं गाव कोणतं हे माहीत असलंच पाहिजे. वारज्याला जाणाऱ्याने "सातारा" शोधायचं, बाणेरला जाणाऱ्याने "मुंबई", चाकणला जाणाऱ्याने एक्सप्रेसवेवर "तळेगाव". पनवेलला गणपतीच्या गर्दीत हेच होतं, कोकणात जाणारी गाडी कळंबोलीला समोरच्या रांगेमागे जात जात एक्सप्रेसवेवर चढते, कारण त्याला हवा असतो पळस्पे फाटा आणि तिकडून गोवा हायवे, पण त्याच्या डोक्यात नाव असतं चिपळूण किंवा कणकवलीचं आणि ते तिथे एवढ्या लांबून कोण लिहिणार.

आणि नंबरांवर तर भरवसा ठेवूच नका. २०१० मध्ये राष्ट्रीय महामार्गांचे नंबर बदलले, पुणे-सातारा-कोल्हापूरचा ४ नंबर ४८ झाला, गोव्याचा १७ होता तो ६६ झाला, पुणे-सोलापूर ९ चा ६५, पुणे-नाशिक ५० चा ६०. बोर्डावर नवा नंबर आहे, लोकांच्या तोंडात अजून "एनएच फोर"च आहे, ढाब्यावर पत्ता विचारलात तर जुन्या नंबरातच सांगतील. जिल्ह्यांच्या नावांचंही तेच चालू आहे, एका बोर्डावर औरंगाबाद, पुढच्यावर छत्रपती संभाजीनगर, कुठे उस्मानाबाद कुठे धाराशिव, कुठे अहमदनगर कुठे अहिल्यानगर. नाव बदलण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण एकाच रस्त्यावरचे सगळे बोर्ड एका झटक्यात बदलायला हवेत, अर्धे आज आणि अर्धे बजेट आलं की असं नको. आणि नाव लांब झालं तर बोर्ड मोठा करायचा असतो, तिथे करतात काय की आहे त्याच पत्र्यावर अक्षरं दाबून बसवतात. चार सेकंदांचे मग दोन होतात.

आता सगळ्यात खास आपल्याकडचा प्रश्न, पुलावरून की पुलाखालून? ड्रायव्हर लोक फोनवर एकमेकांना पत्ता सांगतात तेव्हा ऐका, "ब्रिजवर चढू नको, खालून ये" हे वाक्य असतंच असतं. हायवे आणि सर्व्हिस रोड यांच्यामध्ये फक्त एक कठडा, फ्लायओव्हर सुरू होतो तिथे चढण दिसते तोपर्यंत फाटा निघून गेलेला असतो, आणि बोर्ड बरेचदा नेमका चढणीच्या तोंडाशी लावलेला असतो, म्हणजे निर्णय घ्यायची जागा संपल्यावर. शहराबाहेरच्या हायवेवर तर सर्व्हिस रोडला उतरायची फट कुठे आहे हे सांगणारा बोर्डच नसतो कित्येक ठिकाणी, रोजच्या लोकांना माहीत असतं, बाकीचे पुढे जाऊन उलटे येतात.

गूगल मॅप इथे पूर्ण कामाला येत नाही याचं कारण साधं आहे. मोबाइलच्या जीपीएसची जागा काही मीटर इकडेतिकडे होते, आणि हायवे आणि सर्व्हिस रोडमधलं अंतरही तेवढंच. पूल आणि त्याखालचा रस्ता तर वरून बघितलं तर एकमेकांवरच आहेत. त्यामुळे निळा ठिपका तुम्हाला खाली समजतो आणि तुम्ही असता वर, किंवा उलटं. २०२४ मध्ये गूगलने भारतातल्या काही शहरांत फ्लायओव्हर घ्यायचा की नाही हे सांगायची सोय आणली, ती चांगली आहे, पण तिच्यावर मान टाकून झोपू नका. २०२५ च्या जुलैमध्ये बेलापूरला काय झालं ते पेपरात वाचलं असेल, उलव्याला निघालेल्या बाईंना खाडीपुलावरून जायचं होतं, मॅपच्या नादात रात्री पुलाखालचा रस्ता पकडला आणि गाडी जेट्टीवरून सरळ खाडीत. सागरी सुरक्षेचे पोलीस तिथे होते म्हणून वाचल्या. तेव्हा मॅप लावा, आवाज चालू ठेवा, पण पूल आला की डोळ्यांवर विश्वास ठेवा. हायवे म्हणून निघालोय आणि रस्ता अचानक अरुंद झाला, दिवे गेले, समोर गाडी नाही, तर थांबून बघायचं, मॅप काहीही म्हणो.

बोर्ड दिसतच नाही हा वेगळा विषय. रस्त्याकडेला डाव्या बाजूला लावलेला बोर्ड उजव्या लेनमधल्या कारला कधी दिसेल, तर डावीकडे कंटेनर नसेल तेव्हा, म्हणजे घाटाच्या आधी तर जवळजवळ कधीच नाही. म्हणून मोठ्या फाट्यांना रस्त्यावरून आडव्या कमानीवर बोर्ड हवेत, आणि असतातही, पण त्या कमानीवर एखाद्या भाऊंचा वाढदिवसाचा फ्लेक्स लटकतो. कुणी काढायचा यावर दोन खात्यांत पत्रव्यवहार होतो तोवर पुढचा वाढदिवस येतो. झाडांच्या फांद्या पावसाळ्यानंतर बोर्डावर येतात, त्या छाटणं हे कुणाच्या कंत्राटात आहे हे शोधण्यात दिवाळी उजाडते. आणि रात्री बोर्ड चमकतो तो स्वतःच्या दिव्याने नाही, त्यावरची फिल्म तुमच्याच हेडलाइटचा उजेड तुमच्याकडे परत पाठवते. तिच्यावर धूळ आणि चिखल बसला की पत्रा काळा. दिवसा ऑडिट करणाऱ्याला हे कळतच नाही, म्हणून मी रात्रीची फेरी झाल्याशिवाय रिपोर्टवर सही करत नाही.

बोर्ड खरंच फसवतोय की माणसं बेफिकीर आहेत हे आम्ही कसं ओळखतो ते सांगतो, तुम्हीही बघू शकता. जिथे दोन रस्ते फुटतात तिथे पांढऱ्या तिरक्या पट्ट्यांचा एक त्रिकोण रंगवलेला असतो, त्यावर गाडी घालायची नसते. त्या त्रिकोणाजवळ सुरक्षित जागी उभं राहून बघा. पट्ट्यांवर टायरचे काळे वळसे असतील, कोपऱ्यात फुटलेल्या इंडिकेटरच्या पिवळ्या-लाल काचा, बंपरचे तुकडे, टोकाला ठेवलेला ड्रम चेपलेला असेल, तर समजायचं की इथे लोक शेवटच्या क्षणी ठरवतायत, म्हणजे आधीचा बोर्ड आपलं काम करत नाहीये. त्रिकोण पांढराशुभ्र असेल तर बोर्ड बरा आहे. दुसरा माझा आवडता पुरावा म्हणजे टपरीवाला. रॅम्प उतरल्यावर जी पहिली चहाची टपरी लागते तिथे चहा घ्यायचा आणि विचारायचं, लोक तुम्हाला काय विचारतात? एका ठिकाणी काका माझं बोलणं संपायच्या आत हात वर करून म्हणाले, "हिंजवडी मागं राह्यलं, पुढनं पुलाखालनं वळा." मी काही विचारलंच नव्हतं. दिवसभर तेच सांगून त्यांना सवय झालेली. त्या हातवाऱ्यात मला जेवढं कळलं तेवढं ट्रॅफिक काउंटच्या तक्त्यात नव्हतं. रिपोर्टात मात्र "स्थानिकांशी चर्चा केली" एवढंच लिहिता येतं.

समृद्धी महामार्गाबद्दल वेगळं सांगतो कारण तिथे चूक महाग पडते. नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटर डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, मग शिर्डी ते भरवीर, मग इगतपुरीपर्यंत, आणि शेवटचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा भाग ५ जून २०२५ ला, असे एकूण ७०१ किलोमीटर. कारला १२० ची मर्यादा, म्हणजे सेकंदाला ३३ मीटर, आणि बऱ्याच ठिकाणी दोन इंटरचेंजमध्ये, म्हणजे चढाय-उतरायच्या जागांमध्ये, पंचवीस-तीस किलोमीटर अंतर. एक चुकला की पुढच्यापर्यंत जाऊन, बाहेर पडून, परत आत शिरून यायचं, आणि टोल अंतराप्रमाणे कापला जातो तो वेगळा. त्यात बऱ्याच इंटरचेंजची ओळख जवळच्या गावावरून. आता नागपूरच्या माणसाला जांबरगाव म्हणजे वैजापूरचं, किंवा भरवीर म्हणजे घोटीकडचं, हे कुठून माहीत असणार? आमणे कुठे आहे तर भिवंडीजवळ, हे मुंबईच्या अर्ध्या लोकांनाही माहीत नव्हतं. म्हणून समृद्धीवर चढण्याआधी आपल्या इंटरचेंजचं नाव आणि त्याच्या आधीच्या इंटरचेंजचं नाव, दोन्ही लिहून घ्या. आधीचं मागे पडलं की समजायचं, आता आपलं. शिवाय सरळ कंटाळवाण्या रस्त्यावर तासभर एकाच वेगात गेल्यावर डोळे उघडे असतात पण डोकं झोपलेलं असतं, त्या वेळी आलेला बोर्ड दिसतो पण पोचत नाही. माझा तर आग्रह आहे की उतरायच्या आधीचा अर्धा तास शेजारच्याने झोपायचं नाही.

यावर उपाय जगात जुना आहे, एक्झिटला नंबर द्यायचा. माझा भाचा न्यू जर्सीत एडिसनला राहतो, टर्नपाइकने येणाऱ्या पाहुण्याला तो गावाचं नाव सांगत बसत नाही, "एक्झिट १० ला उतर" म्हणतो, संपलं. नंबर वाचायला अर्धा सेकंद लागतो, कुठल्याही भाषेत वाचता येतो, आणि ९ नंतर १० येणार हे आधीच कळतं. तिकडे बहुतेक राज्यांत तर मैलाच्या दगडाप्रमाणे नंबर असतात, म्हणजे किती मैल उरले तेही त्यातच. आणि जी लेन फक्त बाहेरच जाणार तिच्या बोर्डावर पिवळा पट्टा असतो, म्हणजे सरळ जाणाऱ्याला आधीच कळतं की इथून सरक. आपल्याकडे गावांच्या नावांवर जीव आहे ते ठीक, नावं ठेवा, पण सोबत ठळक नंबर सगळीकडे द्यायला काय हरकत आहे? मी मीटिंगमध्ये हे बोललोय, चहा-बिस्किटं येतात, विषय पुढे जातो.

आता तुमच्या कामाचं. निघायच्या आदल्या रात्री मॅप उघडून पूर्ण रस्ता बघत बसू नका, फक्त दोन-तीन जागा बघा जिथे ठरवायचंय, मुंबई ते मुळशीला तशा तीनच आहेत, कळंबोलीला एक्सप्रेसवेवर चढणं, किवळ्याला बायपास धरणं आणि चांदणी चौकात उतरणं. त्या जागी सॅटेलाइटवर जाऊन बोटांनी मोठं करून बघा, रॅम्प कुठून सुटतो, आधी काय दिसतं, पूल आहे का, वर की खाली. मग एका वाक्यात स्वतःला सांगा, "पाषाण-बावधन आलं की डाव्या लेनला, रॅम्प चढून उजवीकडे पलीकडे." कागदावर लिहून वहिनींकडे द्या, त्यांना बोर्ड वाचायचं काम द्या आणि तुम्ही फक्त रस्ता बघा. हे मी गमतीने म्हणत नाहीये, गाडी चालवणारा आणि बोर्ड वाचणारा वेगळा असला की निम्मे घोळ कमी होतात, फक्त वाचणाऱ्याने "अहो हे बघा काय छान हॉटेल" असं मधे म्हणायचं नाही.

एक्झिटच्या दोन किलोमीटर आधीचा बोर्ड दिसला की त्याच क्षणी लेन बदलायला सुरुवात करा. १०० च्या वेगाला दोन किलोमीटर म्हणजे ७२ सेकंद, ऐकायला खूप वाटतात, पण उजव्या लेनमधून डावीकडे येताना मध्ये दोन ट्रक आणि एक एसटी असली की त्यातले पन्नास कसे जातात कळत नाही. ट्रकच्या पुढे जाऊन मग डावीकडे कट मारू असा विचार करू नका, ट्रकच्या मागे जा, दहा सेकंद उशीर होईल, त्यापेक्षा जास्त नाही. डाव्या लेनमध्ये गेल्यावर वेग हळूहळू कमी करा, ब्रेक रॅम्पवर गेल्यावर दाबा, मुख्य लेनमध्ये नको, मागचा तुमच्या मनातलं ओळखत नसतो. बोर्डावर बाण खाली लेनकडे रोखलेला असेल तर ती लेन धरून राहायचं, तिरका वर असेल तर पुढे तिकडे फुटायचंय. दोन सरळ बाण शेजारी शेजारी दिसले आणि कळेनासं झालं तर शंकेच्या वेळी मुख्य रस्त्यावरच राहा, चुकीच्या रॅम्पवरून वस्तीत घुसून परत हायवे शोधण्यापेक्षा पुढून वळून येणं बहुतेक वेळा सोपं असतं.

आणि चुकलीच तर चुकली. जाऊ द्या. तुम्ही वारज्यापर्यंत गेलात हे तुम्ही केलेलं सगळ्यात बरोबर काम आहे. पंधरा-वीस मिनिटं गेली, घरी बोलणी खाल्ली, गाडी आणि माणसं धड आहेत. जे लोक रॅम्प मागे पडल्यावर त्या पांढऱ्या त्रिकोणात गाडी उभी करून रिव्हर्स टाकतात, किंवा "इथंच तर आहे" म्हणून सर्व्हिस रोडवर उलटे येतात, त्यांचे पंचनामे मी वाचलेत, त्याबद्दल इथे लिहीत नाही. मागून १०० ने येणाऱ्याला वाटतही नाही की समोरची कार चालत नसून मागे येतेय, कळेपर्यंत अंतर संपलेलं असतं. कायद्यातही २०१९ च्या दुरुस्तीनंतर उलट्या दिशेने गाडी चालवणं कलम १८४ खाली धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये येतं, पहिल्यांदा सापडलात तरी १,००० ते ५,००० दंड किंवा सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही. गोंधळून थांबायचंच असेल तर पुढची एक्झिट घ्या, पेट्रोल पंपावर किंवा ढाब्यावर गाडी लावा आणि मग मॅप उघडा. शोल्डरवर, म्हणजे हायवेच्या कडेच्या पट्ट्यावर, उभं राहून मॅप बघणारे मला रोज दिसतात आणि दर वेळी पोटात गोळा येतो.

शेवटी बोर्डाची निम्मी चूक म्हणालो त्याचं काय करायचं तेही सांगतो, कारण नुसती चिडचिड करून उपयोग नाही. राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३ वर फोन करा किंवा राजमार्गयात्रा ॲपवर फोटो टाकून तक्रार करा. फोटो गाडी चालवताना काढू नका, शेजारच्याला काढू द्या. आणि तक्रार "बोर्ड कन्फ्युजिंग आहे" अशी लिहिली तर ती बंद होणार, कारण समोरच्याला त्यातून करण्यासारखं काही सापडत नाही. किलोमीटरचा आकडा लिहा, कुठून कुठे जाताना ते लिहा, आणि नेमकं काय हवं ते लिहा. उदाहरणार्थ, मुंबईकडून साताऱ्याकडे जाताना अमुक किलोमीटरला मुळशीचा बोर्ड फांदीमागे झाकला जातो, फांदी छाटा, किंवा रॅम्पच्या एक किलोमीटर आधी मुळशीचं नाव असलेला बोर्ड नाही, तो लावा. अशी तक्रार आली की ती फाइलला लागते आणि ऑडिटला आमच्यासारखा माणूस आला की ती फाइल त्याच्यापुढे ठेवावी लागते. एकाच जागेबद्दल दहा वेगवेगळ्या लोकांनी तेच लिहिलेलं असेल तर मला वेगळं काही सिद्ध करावं लागत नाही, सरळ तेच आकडे रिपोर्टात घालता येतात. तुम्ही चांदणी चौकातली तक्रार टाकलीत तर किलोमीटर न विसरता टाका, दिशा तर नक्कीच, बहुतेक लोक तीच विसरतात आणि मग पलीकडच्या बाजूची फांदी छाटली जाते.